निरवानिरव : तुमच्या घरी काय काय करून ठेवलंय?

गेल्या पावसाळ्यात सासरे गेले. दिवसकार्य उरकल्यावर कपाट उघडलं, तर वरच्याच कप्प्यात एक दोनशेपानी वही. बँकेची खाती, लॉकरची किल्ली कुठल्या डब्यात, वीजबिलाचा ग्राहक क्रमांक, कुणाचे उसने किती. आणि शेवटच्या पानावर, ‘तेराव्याला बुंदीचे लाडू नकोत, कुणी खात नाही.’ सासूबाईंसकट सगळे हसलो. माझ्या माहेरी मात्र हा विषय काढला की ‘शुभ बोल गं’ म्हणून गप्प करतात. तुमच्याकडचं लिहा.

*

आजोबा माळकरी. आषाढीला दिंडीत निघण्याआधी वाण्याची उधारी चुकती करायचे, भाऊबंदांत कुणाशी धुसफूस असेल तर स्वतः जाऊन बोलून यायचे. ‘माघारी आलो तर तुमचा, नाही तर पांडुरंगाचा.’ गेले ते घरीच, झोपेत. देवघरात काशीहून आणलेला गंगेचा गडू होताच, पण ऐन वेळी त्याचं सीलबंद झाकण निघेना. चुलतभावानं स्क्रूड्रायव्हरनं भोक पाडलं. आजोबा असते तर त्याच्यावर खेकसले असते!

*

काकांनी फ्लॅटला थोरल्याचं नॉमिनेशन केलं होतं. तो समजला फ्लॅट आपलाच. नॉमिनी हा फक्त सांभाळणारा, हक्क वारसांचा, हे वकिलानं सांगेपर्यंत भावांचं बोलणं बंद झालं होतं. मृत्युपत्र साध्या कागदावरही चालतं, स्टॅम्पपेपर लागत नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. नोंदणी सक्तीची नाही, पण करा.

*

आईचं नेत्रदान केलं. फोनवरच सांगितलं होतं : पंखा बंद करा, डोक्याखाली उशी द्या, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवा. सहा तासांच्या आत व्हावं लागतं. माणसं आली, काम करून गेली. चेहरा होता तसाच. देहदानाचा अर्जही तिनं भरला होता, पण मामा अडून बसले, ‘अग्नी नाही तर गती कशी?’ आणि जवळच्यांच्या संमतीशिवाय ते होत नाही. नुसता अर्ज भरून भागत नाही हो, हट्टी नातेवाइकांना जिवंतपणीच समोर बसवून सांगा.

*

मी आयसीयूत नर्स आहे. व्हेंटिलेटर लावायचा की नाही, यावर कॉरिडॉरमध्ये भांडणारी भावंडं नेहमी बघते. आई-बाबांना काय हवं होतं, हे कुणालाच माहीत नसतं. शेवटच्या आजारपणात कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवायचं, ते ‘लिव्हिंग विल’. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये त्याला मान्यता दिली. तेव्हा मॅजिस्ट्रेटची सही लागायची. 2023 पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. माझं तयार आहे. नवरा अजून ‘बघू’वर आहे.

*

सकाळी सकाळी चहाबरोबर काय हे वाचायला देता राव!

*

बाबांच्या मोबाइलचा पॅटर्न कुणालाच माहीत नव्हता. गॅस, विमा, सगळ्याचे ओटीपी त्याच फोनवर. आता घरात सगळ्यांचे पॅटर्न डायरीत आहेत, मुलीचा सोडून. ती म्हणते, ‘मी मेले तरी सांगणार नाही.’

*

वर नॉमिनीबद्दल ज्यांनी लिहिलंय त्यांना : मृत्युपत्रात सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटचा नंबर घालावा का? रविवारी लिहायला बसतोय.