चौथी सोरोरिटी हॉवर्डची नाही
कोणीतरी म्हटलंय की अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुलींच्या जुन्या सोरोरिटी, म्हणजे कॉलेजातल्या मुलींच्या संघटना, सगळ्या हॉवर्ड या कृष्णवर्णीयांच्या युनिव्हर्सिटीतल्याच. पहिल्या तिघींचं बरोबर आहे, अल्फा कप्पा अल्फा १९०८, डेल्टा १९१३, झीटा १९२०, पण सिग्मा गॅमा रो तिथली नाहीच ना! ती १२ नोव्हेंबर १९२२ ला इंडियानापोलिसमध्ये सुरू झाली आणि सुरू करणाऱ्या सातही जणी शाळेत शिकवणाऱ्या बाया, मेरी लू अ‍ॅलिसन वगैरे. म्हणजे दिवसभर पोरं सांभाळायची आणि वर हे. त्यात हॉवर्डला निदान आजूबाजूला आपली माणसं तरी होती, इथे इंडियानापोलिसची बटलर युनिव्हर्सिटी, जिथे ही सुरू झाली, ती मुख्यतः गोऱ्यांची आणि इंडियाना राज्यात तेव्हा कू क्लक्स क्लान या कृष्णवर्णीयांचा द्वेष करणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनेचा एवढा जोर की १९२४ ला गव्हर्नरच त्यांच्या पाठिंब्यावर निवडून आला.

मला त्यातली क्युबेना मक्लूअर लक्षात राहिली. सोरोरिटीच्या पिनच्या डिझाइनला हिचा हात होता, आणि १९२४ मध्येच गेली बिचारी. बटलरमध्ये अल्फा चॅप्टरला (म्हणजे पहिल्या शाखेला) सनद मिळून संस्था राष्ट्रीय पातळीवर रीतसर कॉलेजची सोरोरिटी झाली ती थेट डिसेंबर १९२९ ला, ते काही तिला बघायला मिळालं नाही.