निंबोळी अर्क मारला, अळी मेली नाही, पण पान शाबूत. फवारणी लागू पडली म्हणायची का?

रहिमतपूरची_सून

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

कोरेगाव तालुक्यात आमचा दहा गुंठे कोबी आहे. लागण होऊन महिना झाला, गड्डा अजून धरायचाय. पानांना झरोके पडलेले दिसले म्हणून पानं पालथी करून पाहिली, तर बारीक हिरवी अळी. काडीनं डिवचली की वळवळत मागं सरकते आणि धाग्याला लोंबकळत खाली उतरते. चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची आहे, एवढं ओळखता येतं.

गेल्या वर्षी दुकानदाराच्या सांगण्यावरून दोन औषधं एकत्र मारली. पैसे गेले, अळी राहिली. म्हणून यंदा बांधावरच्या लिंबाच्या निंबोळ्या जुलैत वेचून, गर धुऊन, सावलीत वाळवून पोत्यात ठेवल्या होत्या. अडीच किलो भरडा रात्रभर भिजवला, फडक्यातून दोनदा गाळला, एकूण पन्नास लिटर केलं. तीन पंप झाले.

तिसऱ्या दिवशी बघते तर अळ्या जिवंत! सासरे (आम्ही आण्णा म्हणतो) म्हणाले, “अळी पडली पाहिजे, त्याला औषध म्हणायचं. ह्यो काढा झाला.”

मला राहवेना. मुलाचे दोन जुने डबे घेतले. एकात अर्कात बुडवून वाळवलेलं पान, दुसऱ्यात नुसत्या पाण्यातलं, दोन्हींत दहा-दहा अळ्या. सकाळी पाण्याच्या पानाची चाळण झालेली आणि डब्याच्या तळाला मोहरीपेक्षा बारीक हिरवट लेंड्याच लेंड्या. अर्काच्या पानाला कडेनं चार-दोन चावे, बाकी पान जसंच्या तसं. अळ्या मात्र झाकणाला चिकटून बसलेल्या, सगळ्या जिवंत.

मग हे लागू पडलं का नाही? आणि डब्यात जे झालं ते शेतात का दिसत नाही? तिथं खाणं कमी झालंय, पण थांबलेलं नाही.

कृष्णाकाठ

ताई, पडलं की लागू. डब्याचा प्रयोग झकास केलात.

निंबोळीतला मुख्य घटक अॅझाडिरॅक्टिन. त्याचं पहिलं काम मारणं नाही, तोंड बंद करणं. अळीच्या तोंडाशी चव ओळखणाऱ्या पेशी असतात. या घटकानं नको असलेली चव सांगणाऱ्या पेशी जाग्या होतात आणि गोडाच्या मंदावतात. म्हणजे पान समोर असून अळीला ते खायची वस्तूच वाटत नाही. शिवाय चावताना जे थोडं पोटात जातं, ते कात टाकायला लागणाऱ्या संप्रेरकाचा हिशोब बिघडवतं. अळी खुरटते, पुढची कात टाकताना अडकून मरते. त्याला चार-सहा दिवस लागतात, म्हणून तिसऱ्या दिवशी मेलेल्या अळ्या मोजायच्या नाहीत. ताजे चावे आणि लेंड्या बघायच्या.

ही गोष्ट जगाच्या नजरेत आली तीही अशीच. १९५९ साली सुदानमध्ये टोळधाडीनं सगळं हिरवं फस्त केलं आणि लिंबाची झाडं तेवढी उभी राहिली. हाइनरिश श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञानं ते पाहिलं. अॅझाडिरॅक्टिन वेगळं काढलं गेलं १९६८ मध्ये.

बांधावरचा_बाबू

थियरी बरोबर आहे, पण शेतात का नाही याचं उत्तर राहिलं. ताई, पंप किती वाजता मारला? साबण टाकला होता का?

रहिमतपूरची_सून

सकाळी दहाला सुरू केलं, बारापर्यंत. साबण नाही टाकला. आता आठवतंय, थेंब पानावरून मोत्यासारखे घरंगळून सरीत जात होते.

बांधावरचा_बाबू

मग अर्क सरीला पाजलात 🙂 कोबीचं पान मेणचट, नुसतं पाणी त्यावर ठरत नाही. डब्यात तुम्ही पान बुडवलं, म्हणून दोन्ही बाजूंनी लागलं. शंभर लिटरला दोनशे ग्रॅम साबण, म्हणजे तुमच्या पन्नास लिटरला शंभर. वेगळा विरघळवून अगदी शेवटी टाकायचा. नोझल खालून वर धरा, अळी पानाच्या पाठीला असते.

आणि ऊन! अॅझाडिरॅक्टिन उन्हात लवकर मोडतं. चार वाजल्यानंतरच पंप पाठीवर घ्यायचा. क्षारपड विहिरीच्या पाण्यातही ते टिकत नाही, तेव्हा अर्क त्याच दिवशी संपवा. सात-आठ दिवसांनी पुन्हा फवारा, कारण मधल्या काळात फुटलेल्या कोवळ्या पानावर काहीच नसतं आणि अळीला हवं असतं नेमकं तेच.

मिरजेचा_पाहुणा

मधेच विचारतो, त्यातच बीटी मिसळलं तर? एका फवारणीत दोन कामं.

कृष्णाकाठ

नको. बीटी हा जिवाणू पानासोबत पोटात गेला तरच काम करतो. तुम्ही एका हातानं वाढणार आणि दुसऱ्या हातानं ताट ओढणार. अळ्या मोठ्या आणि फार असतील तर आधी एकटं बीटी, चार-पाच दिवसांनी अर्क. अंडी आणि बारीक अळी असेल तर थेट अर्क.

एक गंमत सांगतो. कोबी-मोहरीला जो झणका असतो तो मुळात किडींना पळवून लावण्यासाठीच. बहुतेक किडी पळतातही. पण ह्या पतंगानं तो पचवायचं विकर कमावलंय, आणि आता त्याच वासावर तो शेत शोधत येतो. म्हणून कोबीच्या पंचवीस ओळींमागं मोहरीची एक ओळ लागणीआधी पंधरा दिवस पेरतात, दुसरी लागणीनंतर पंचवीस दिवसांनी. पतंग अंडी घालायला मोहरीवर जातो. यंदा तुमची वेळ गेली, पुढच्या खेपेला बघा.

रहिमतपूरची_सून

आभार सगळ्यांचे. शनिवारी चार वाजता साबण घालून पुन्हा मारते, दोन ओळी मुद्दाम तशाच सोडून. आण्णांना म्हटलं, मेलेल्या अळ्या मोजू नका, लेंड्या मोजा. ते म्हणाले, “चष्मा आण आधी.”