आपली सोसायटी, परळ (फक्त महत्त्वाचे मेसेज)

बुधवार, ५ जून २०२४

राणे ६०२: नमस्कार. सफाईचं मेचं बिल पूर्ण लावलंय. २० आणि २१ तारखेला जिना झाडलेला नव्हता. दोन दिवसांचे पैसे कापावेत, ही विनंती.

सेक्रेटरी: राणेसाहेब, २० ला मतदान होतं. सफाईवाला पोरगा निफाडचा, मत द्यायला गावी गेला होता. ती सुट्टी भरपगारी असते, कायदाच आहे.

राणे ६०२: एका दिवसाची. २१ ची नाही.

राणे ६०२: आणि जाऊन दिवे काय लावले? पाच किलो धान्य फुकट घ्यायचं आणि मत उलटं टाकायचं. ४०० पार म्हणता म्हणता भाजपला २४० वर आणलं.

कदम वहिनी ३०४: ग्रुपवर राजकारण नको, हे एप्रिलात तुम्हीच लिहिलं होतं ना भाऊजी 🙏

राणे ६०२: मी पैशांबद्दल बोलतोय.

कदम वहिनी ३०४: तोही मशीनसमोर पैशांबद्दलच बोलला असेल. डिसेंबरात कांद्याची निर्यात बंद केली, भाव निम्म्यावर आले. बंदी उठवली ४ मेला, वर ४० टक्के शुल्क. तोवर त्याच्या घरचा माल मातीमोल गेलेला. त्याच्या दिंडोरी मतदारसंघात केंद्रातल्या मंत्री पडल्या त्या उगाच?

तांबे १०१: रात्री ११ ला मोटर कोण चालू ठेवतं?

बंटी ५०१: दिंडोरीत पिपाणी चिन्हालाही लाखावर मतं पडली. लोकांना शरद पवारांची तुतारी वाटली 😂

राणे ६०२: बघा. हे म्हणे विचार करून मत देतात.

राणे ६०२: मध्य प्रदेशात २९ पैकी २९ आल्या. तिथे गरीब नाहीत?

कदम वहिनी ३०४: आहेत ना. तिथे बायकांच्या खात्यात महिन्याला १२५० पडतात. इथेही विधानसभेआधी सुरू करतील, बघा.

बंटी ५०१: वहिनी, फॉर्म कुठे मिळतो? 🙋‍♂️

नाना २०१: ८२ च्या संपात मी गिरणीच्या गेटवर होतो. अडीच लाख माणूस घरी बसला. ८४ ला इंदिराबाई गेल्या, राजीव गांधींना खरोखरच ४०० च्या वर जागा आल्या. त्या लाटेतही आमच्या दक्षिण मध्य मुंबईनं संपाच्या नेत्याला, डॉक्टर दत्ता सामंतांना, अपक्ष निवडून दिलं. घरात भांडी विकायला काढलेल्या माणसाला लाट दिसत नाही राणे. तुमचे वडीलही तेव्हा गिरणीत आमच्याच खात्यात होते.

राणे ६०२: (हा मेसेज डिलीट केला आहे)

बंटी ५०१: वाचला मी 👀

सेक्रेटरी: बंटी, पुरे.

राणे ६०२: नानांचा आदर आहे. वडिलांना मध्ये आणायचं कारण नव्हतं. २१ तारखेचं काय ते सांगा.

सेक्रेटरी: दिवसाचे ४००, घरं ४०. तुमच्या वाट्याला १० रुपये येतात. जीपे करू?

राणे ६०२: प्रश्न तत्त्वाचा आहे.

कदम वहिनी ३०४: त्याचाही तोच होता.

तांबे १०१: मोटरचं कोणी बोलेल का?