पोकरमध्ये समोरचा स्वतःच्या पत्त्यांबद्दल बोलतो ते खरं धरायचं का?

चिंचपोकळीकर
गणपतीत जागरणाला आमच्या बिल्डिंगमध्ये तीन पत्ती ठरलेली, यंदा पोरांनी टेक्सास होल्डेम (पोकरचा प्रकार, हातात दोन पत्ते आणि टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच) सुरू केलंय, पैसे नाहीत, नुसत्या चिप्स. आमच्यातला एक जण प्रत्येक डावात बोलत असतो, कधी "सोड रे, दोन एक्के आहेत", कधी "काहीच नाहीये, ये बिनधास्त". समोरच्याने पॅक केलं की पत्ते पालथेच गड्डीत सारतो आणि मग सांगतो राजांची जोडी होती. याच्या बोलण्यावरून काही ठरवायचं का? मोठी माणसं म्हणतात चेहरा बघ, मला चेहऱ्यावरून काही कळत नाही.

वसईची मेघना
चेहरा राहू दे, तो किती लावतो आणि कधी लावतो ते बघ. एक्के हातात असलेला माणूस शक्यतो फ्लॉपच्या, म्हणजे टेबलावरचे पहिले तीन पत्ते उघडायच्या, आधीच वाढवतो. हा आधी नुसता कॉल करत (समोरच्याने लावले तेवढेच टाकत) आला, फ्लॉपला चेक (काहीच न लावता पुढे), मग रिव्हरला, म्हणजे शेवटच्या पाचव्या पत्त्याला, टेबलावर तिसरं बदाम पडल्यावर एकदम सगळं आत ढकललं तर एक्क्यांची गोष्ट जुळत नाही, फ्लशची (एकाच रंगाचे पाच पत्ते, इथे बदामाचे) जुळते. आणि हिशोब करायचाच. पॉटमध्ये (मधे जमलेल्या चिप्समध्ये) १०० आहेत, त्याने १०० लावले, तर तुला १०० टाकून २०० मिळायचेत, म्हणजे तीनात एकदा तू जिंकणार असशील तरी कॉल बरोबरीत सुटतो. त्याने ५० च लावले तर चारात एकदा पुरे.

गुलाम चौकट
मेघनाताईंचं पटलं पण बोलणं अगदीच सोडून देऊ नको. २००६ ला जेमी गोल्ड हा खेळाडू पोकरच्या वर्ल्ड सिरीजचा मेन इव्हेंट जिंकला, १ कोटी २० लाख डॉलर, तो टेबलावर सतत बोलायचा आणि कित्येकदा पत्ते खरे सांगायचा, तरी लोक गोंधळायचेच. म्हणून ज्या डावात शो होतो तिथे हा आधी काय बोलला होता ते लक्षात ठेव, दोन-तीन रात्रींत सवय कळते. न दाखवलेल्या पत्त्यांचं मात्र काही धरू नको. दोन पत्त्यांच्या १३२६ जोड्या होतात, त्यात राजा-राजाच्या फक्त ६, म्हणजे सरासरी २२१ डावांत एकदा. एका रात्रीत तीन-चारदा राजांची जोडी "होती" म्हणणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

चिंचपोकळीकर
२२१ माहीत नव्हतं, भारी. आणि शेवटी शोला तो नुसता तोंडाने "फ्लश" म्हणाला तर?

वसईची मेघना
त्याचे पत्ते उघडे पडेपर्यंत तुझे हातातून सोडू नको, एकदा गड्डीत गेले की परत मागता येत नाहीत. टूर्नामेंटमध्ये तोंडी सांगितलेलं धरत नाहीत, टेबलावरचे पत्ते धरतात, आणि मुद्दाम खोटं सांगितलं तर पेनल्टी लागू शकते. डाव चालू असताना पत्ते काय आहेत ते बोलायलाही बहुतेक ठिकाणी मनाई असते, कारण तिघं खेळत असतील तर एकाच्या बोलण्याने तिसऱ्याचं विनाकारण नुकसान होतं. हा नियम तुम्ही बिल्डिंगमध्ये पहिल्याच रात्री सांगून टाका, निदान दोघांपेक्षा जास्त डावात असतील तेव्हा तरी.