एनजिनएक्स: लॉगिन नसलेल्याला ४०१ ऐवजी ५०० का मिळतो? आणि पोस्ट रिक्वेस्ट ६० सेकंद का अडकते?

रातवा:
पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, मागे तीन ॲप्लिकेशन. लॉगिन आणि सेशन नोड-एक्सप्रेसच्या एका वेगळ्या सेवेत आहे. बाकीच्यांसाठी एनजिनएक्समध्ये ऑथ_रिक्वेस्ट लावून प्रत्येक रिक्वेस्ट आधी त्या सेवेच्या 'तपासणी' पत्त्यावर पाठवतो. लॉगिन केलेल्यांची पाने नीट उघडतात. अडचणी तीन:

१. कुकी (ब्राउझरमधली सेशनची खूण) नसेल तर ब्राउझरला ४०१ (लॉगिन हवे) ऐवजी ५०० (सर्व्हरमध्ये बिघाड) मिळतो. एरर लॉगमध्ये 'ऑथ रिक्वेस्ट अनएक्स्पेक्टेड स्टेटस: ३०२' अशी ओळ दिसते.
२. जेसन (मजकूर स्वरूपातला डेटा) पाठवणारी पोस्ट रिक्वेस्ट बरोबर ६० सेकंद अडकते, मग ५००. गेट (नुसती माहिती मागणाऱ्या) रिक्वेस्टला काही होत नाही.
३. मागच्या ॲप्लिकेशनला वापरकर्ता कोण हे 'एक्स-युजर' हेडरमधून (रिक्वेस्टसोबत जाणारी माहितीची ओळ) कळवतो. त्यावर विश्वास ठेवायचा का?

कोकणकडा:
पहिल्या दोन्हींचे मूळ तपासणीच्या पत्त्यात आहे. ऑथ_रिक्वेस्टला तीनच प्रकारची उत्तरे कळतात: २०० च्या घरातले काहीही म्हणजे जाऊ द्या, ४०१ किंवा ४०३ म्हणजे अडवा. बाकी सगळे ती बिघाड समजते आणि ५०० देते. तुमची सेवा लॉगिन नसलेल्याला लॉगिन पानाकडे वळवते, म्हणून ३०२ आणि म्हणून ५००. तपासणीच्या पत्त्यावरून ४०१ च द्या. वळवण्याचे काम एनजिनएक्सकडे ठेवा: एरर_पेजने ४०१ एका नामांकित लोकेशनकडे (कॉन्फिगमधला नाव दिलेला भाग) न्या आणि तिथून ३०२ द्या.

हे फक्त पानांसाठी. एपीआयच्या (पान नव्हे, डेटा देणाऱ्या पत्त्यांच्या) लोकेशनला एरर_पेज लावू नका. तिथे वळवले तर जावास्क्रिप्टचा फेच ३०२ च्या मागे मागे जातो, लॉगिन पानाचे एचटीएमएल २०० सह हाती येते आणि जेसन वाचताना चूक भलतीकडेच दिसते.

परत कुठे यायचे तो पत्ता क्वेरीत जोडताना दोन गोष्टी पाहा. एनजिनएक्स तो एन्कोड करून देत नाही, त्यामुळे मूळ पत्त्यात '&' असेल तर पुढचा भाग तुटतो. आणि लॉगिननंतर तिकडे पाठवण्यापूर्वी तो आपल्याच साइटचा मार्ग आहे हे सर्व्हरवर तपासा. '//' ने सुरू होणारा पत्ता दिसायला आतला वाटतो, नेतो मात्र बाहेरच्या साइटवर.

दुसरी अडचण: तपासणीची सबरिक्वेस्ट (एनजिनएक्सने आतून केलेली रिक्वेस्ट) गेट म्हणून जाते, पण मूळ रिक्वेस्टची हेडर घेऊन, कंटेंट-लेंग्थसकट (बॉडीची लांबी). बॉडी, म्हणजे पाठवलेला मजकूर, मात्र जात नाही. एक्सप्रेसचा जेसन पार्सर सगळ्या मार्गांवर लावलेला असणार; तो न येणाऱ्या बाइट्सची वाट पाहत बसतो. प्रॉक्सी_रीड_टाइमआउट मुळात ६० सेकंदांचा, तो संपला की ५००. तपासणीच्या लोकेशनमध्ये प्रॉक्सी_पास_रिक्वेस्ट_बॉडी ऑफ करा आणि कंटेंट-लेंग्थ रिकामी स्ट्रिंग करा. दोन्ही हवेत; नुसती बॉडी बंद करून भागत नाही. त्या लोकेशनला इंटर्नलही लिहा, म्हणजे बाहेरून कोणी थेट हाक मारणार नाही.

पाणपोई:
तिसऱ्याबद्दल. हेडरवर विश्वास ठेवायला हरकत नाही, पण ते प्रत्येक वेळी एनजिनएक्सनेच लिहिले पाहिजे. ऑथ_रिक्वेस्ट_सेटने तपासणीच्या उत्तरातले नाव व्हेरिएबलमध्ये घ्या आणि प्रॉक्सी_सेट_हेडरने 'एक्स-युजर' भरा. मग क्लायंटने पाठवलेले त्याच नावाचे हेडर आपोआप बदलले जाते.

इथली फसगत अशी: एखाद्या लोकेशनमध्ये एक जरी प्रॉक्सी_सेट_हेडर लिहिले, तर वरच्या पातळीवरची सगळी तिथे लागू होत नाहीत. कोणी एका लोकेशनमध्ये फक्त 'होस्ट' जोडले की तिथे क्लायंटचे बनावट 'एक्स-युजर' सरळ आत. सगळी ओळीने एका फाइलमध्ये ठेवून प्रत्येक लोकेशनमध्ये इन्क्लूड करा. कर्लने (कमांडवरून रिक्वेस्ट पाठवणारे साधन) खोटे हेडर पाठवून प्रत्येक लोकेशन तपासा.

मागची ॲप्लिकेशन १२७.०.०.१ (तेच मशीन) वरच ऐकत आहेत ना, हेही बघा. डॉकरमध्ये (ॲप्लिकेशन कंटेनरमध्ये चालवणारे साधन) नुसते '८०००:८०००' असे पोर्ट उघडले तर ते यूएफडब्ल्यू या फायरवॉलच्या नियमांना वळसा घालून बाहेर दिसते. '१२७.०.०.१:८०००:८०००' लिहा.

रातवा:
बॉडी आणि कंटेंट-लेंग्थ काढल्यावर पोस्ट लगेच जाते, ४०१ ही ठीक. आता दोन शंका. प्रत्येक रिक्वेस्टला तपासणी नको म्हणून प्रॉक्सी_कॅश (उत्तर साठवून पुन्हा वापरणे) लावू का? आणि फ्रंटएंड दुसऱ्या सबडोमेनवर आहे, तिथून येणाऱ्या ऑप्शन्सला (खऱ्या रिक्वेस्टआधी ब्राउझरने केलेली विचारणा) ४०१ मिळतो.

कोकणकडा:
कॅश लावण्याआधी थांबा. प्रॉक्सी_कॅश_की (साठवलेले उत्तर ओळखण्याची खूण) मुळात स्कीम, प्रॉक्सी होस्ट आणि पत्ता यांची बनते. कुकी त्यात नसते. म्हणजे एकाला मिळालेली परवानगी त्याच पत्त्यावर येणाऱ्या सगळ्यांना मिळेल, लॉगिन नसलेल्यालाही. कीमध्ये सेशन कुकी घातलीच पाहिजे आणि मुदत ५-१० सेकंदांपेक्षा जास्त नको, कारण लॉगआउटनंतरही तेवढा वेळ दार उघडे राहते. त्याआधी तपासणीच्या अपस्ट्रीमला (मागच्या सेवेला) कीपअलाइव्ह (उघडी जोडणी पुन्हा वापरणे) लावा: एचटीटीपी १.१ आणि कनेक्शन हेडर रिकामे. दर वेळी नवी टीसीपी जोडणी उघडण्याचा खर्च वाचला की बहुधा कॅशची गरजच उरत नाही.

पाणपोई:
प्रीफ्लाइट ऑप्शन्सबरोबर ब्राउझर कुकी पाठवतच नाही, त्यामुळे ४०१ येणारच. लोकेशनमध्ये मेथड ऑप्शन्स असेल तर तिथेच रिटर्न २०४ करा. रिटर्न रीराइट टप्प्यात चालतो, ऑथ_रिक्वेस्ट त्यानंतरच्या ॲक्सेस टप्प्यात, म्हणून ऑप्शन्स तपासणीपर्यंत पोचत नाही. याच कारणाने एखादी संरक्षित गोष्ट रिटर्नने देऊ नका. तिच्यासाठी तपासणी कधी चालतच नाही.

कुकी पाठवायची तर कॉर्सच्या (दुसऱ्या ठिकाणाहून येणाऱ्या रिक्वेस्टचे ब्राउझरचे नियम) अलाऊ-ओरिजिन हेडरमध्ये '*' चालत नाही, नेमके सबडोमेन लिहा आणि अलाऊ-क्रेडेन्शियल्स ट्रू करा. फेचमध्ये क्रेडेन्शियल्स 'इन्क्लूड' हवे. ॲड_हेडरच्या शेवटी ऑल्वेज लिहायला विसरू नका. नाहीतर ४०१ वर ही हेडर लागत नाहीत, ब्राउझर कॉर्सची चूक दाखवतो आणि सेशन संपले आहे हे फ्रंटएंडला कळतच नाही.