हाती आलेली ‘रॉयल चार्ल्स’ डचांनी वापरली का नाही?

प्रश्न: वूलविच येथे बांधलेली आणि १६५५ मध्ये पाण्यात उतरलेली ‘नेझबी’ ही ऐंशी तोफांची युद्धनौका १६६० मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला हॉलंडहून डोव्हरला घेऊन आली आणि त्याच वेळी तिचे ‘रॉयल चार्ल्स’ असे नामकरण झाले. डचांविरुद्धच्या १६६५ च्या लोस्टॉफ्टच्या लढाईत ती राजाचा भाऊ ड्यूक ऑफ यॉर्क याची निशाणनौका (सेनानीचे जहाज) होती. जून १६६७ मध्ये डचांनी ती इंग्लंडच्या मेडवे नदीतून पळवली. शत्रूकडून जिंकलेले जहाज आपल्या ताफ्यात घेण्याचा तेव्हा सर्रास प्रघात होता. मग हिला त्यांनी लढाईत का उतरवले नाही?

उत्तर १: ती पाण्यात फार खोल बसत असे. हॉलंडचा किनारा उथळ आणि वाळूच्या दांड्यांनी भरलेला असल्यामुळे डच जहाजांचे तळ मुद्दाम सपाट ठेवलेले असत, आणि एवढी खोल नौका तेथे रोज आत-बाहेर करणे परवडणारे नव्हते. म्हणून ती हेलेव्हूट्स्लाउस बंदरात उभी राहिली आणि लोक ती पाहायला येऊ लागले. शेवटी १६७३ मध्ये ती मोडीत काढली गेली.

मूळ प्रश्नकर्ता: एवढी खोल नौका मेडवेतून तरी कशी बाहेर काढली?

उत्तर २: तेव्हाचा इंग्रज नौदल अधिकारी सॅम्युएल पीप्स याच्या रोजनिशीत याचे उत्तर आहे. पैशांअभावी मोठी जहाजे त्या वर्षी समुद्रात पाठवलीच नव्हती. शत्रूची जहाजे अडवण्यासाठी गिलिंगहॅमजवळ नदीवर आडवी लावलेली साखळी तुटल्यावर अवघी नऊ डच माणसे एका होडीतून आली, तर नौकेवर त्यांना चिटपाखरूही सापडले नाही. त्यांच्यातला एक जण वर चढला आणि त्याने निशाण उतरवले. मग नौका एका कुशीवर कलंडवून तिची खोली कमी केली आणि तिथल्या चॅथम या नौदल तळाच्या उत्तम वाटाड्यानेही नकार दिला असता अशा भरती-वाऱ्यात ती खाली नेली. मला तर यात डचांच्या धाडसाइतकीच चार्ल्सच्या रिकाम्या खजिन्याचीही करामत दिसते.

उत्तर १: एक भर घालतो. तिच्या नाळेवर (पुढच्या टोकावर) मुळात घोड्यावर बसलेल्या क्रॉमवेलची, म्हणजे राजा नसतानाच्या काळात इंग्लंडवर सत्ता चालवणाऱ्याची, मूर्ती होती, ती राजाच्या पुनरागमनानंतर काढून टाकली गेली. पिछाडीवरचा सिंह आणि युनिकॉर्न यांचा कोरीव फलक मात्र मोडीतून वाचला; तो आज ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममध्ये आहे.