मदत हवी आहे: सगळीकडे चालेल असं युजरनेम कसं ठरवावं?

एकच नाव सगळ्या अकाउंटना हवंय, पण नियमांचा मेळ बसत नाही. एक्सवर कमाल १५ अक्षरं आणि चिन्हांपैकी फक्त अंडरस्कोर. इन्स्टाग्रामवर ३० अक्षरं, टिंबही चालतं. गिटहबवर (प्रोग्रामर कोड ठेवतात ती साइट) अंडरस्कोर नाही, फक्त हायफन. टेलिग्रामला किमान ५ अक्षरं लागतात. म्हणजे उरलं काय? ५ ते १५ रोमन अक्षरं-आकडे, चिन्ह एकही नाही. शिवाय रेडिटवर एकदा ठरलेलं नाव बदलता येत नाही, त्यामुळे घाई नको.

'क्षितिज' हा शब्द अर्थाने आवडलाय, पण रोमनमध्ये 'क्ष' कसा लिहायचा? केएसएच की नुसता एक्स? फोनवर सांगितलं की समोरचा हमखास चुकीचं टाइप करणार! साधं नाव आधीच गेलेलं असतं. मागे जन्मसाल जोडलं तर वय उघड होतं. शून्य आणि ओ, स्मॉल एल आणि कॅपिटल आय यांचा गोंधळ वेगळाच.

दोन छोटे मराठी शब्द जोडावेत का? जोडल्यावर मधेच भलताच शब्द तयार होत नाही ना, हे कसं तपासता? तुमच्या नावाचा अर्थ काय, आणि तेच का निवडलंत, तेही सांगा.